अठरा वर्षांची टर्बो इस्टेट, पार्ल्यातलं एक कुटुंब आणि तेलाचा लाल दिवा : एक प्रकरण अभ्यास

हे प्रकरण माझ्या चुलतभावाच्या घरच्या जुन्या इस्टेट गाडीचं आहे (इस्टेट म्हणजे सेडानचंच छत मागे डिकीच्या टोकापर्यंत नेलेली गाडी), त्याची परवानगी घेऊन लिहितोय. नावं देत नाही, त्याला दादा म्हणतो, वहिनी आहेत, त्यांचा मुलगा, आणि दादाची आई म्हणजे माझी काकू. गाडीची कंपनीसुद्धा सांगत नाही कारण जे झालं ते त्या काळातल्या कुठल्याही टर्बो पेट्रोल गाडीला होऊ शकलं असतं, आणि दोष बऱ्यापैकी आमच्या निर्णयांचा होता. आकडे सगळे दादाच्या वहीतले, तो पेट्रोलपासून वायपर ब्लेडपर्यंत सगळं लिहून ठेवतो, म्हणून हे लिहिता आलं.

पार्श्वभूमी

विलेपार्ले पूर्व, सोसायटीत उघडं पार्किंग, एकावर एक गाड्या ठेवायचा स्टॅक नाही, म्हणजे लांब गाडी उभी राहते. २०२० पर्यंत घरात एक छोटी हॅचबॅक होती. काकूंचे दोन्ही गुडघे गेलेले, थोडं चालतात पण बाहेर जायचं म्हटलं की व्हीलचेअर लागते, आणि ती घडीची असली तरी हॅचबॅकच्या डिकीत मावायची नाही, मागची अर्धी सीट पाडावी लागायची. म्हणजे चौघं एका वेळी कुठे जाऊच शकत नव्हते. गावी चिपळूणकडे जाताना वहिनी आणि मुलगा ट्रेनने, दादा आणि काकू गाडीने, असं तीन वर्षं चाललं.

साहजिक सगळ्यांनी सांगितलं एसयूव्ही घे. दोन टेस्ट ड्राइव्ह झाल्या आणि दोन्हीत काकूंना आत चढवताना एक पाय वर ठेवून अंग उचलायला लागलं, ते त्यांना जमेना, दुसऱ्या वेळी तर त्या शोरूमच्या दारातच रडल्या. लोक उंच गाडी म्हातार्‍या माणसांना सोयीची म्हणतात, ते कंबरेसाठी खरं असेलही, पण ज्याला पाय उचलता येत नाही त्याच्यासाठी नाही. काकूंना हवी होती सीट त्यांच्या मागे टेकून बसता येईल इतक्या उंचीची, म्हणजे साध्या सेडानएवढी. आणि डिकी हवी होती व्हीलचेअर सरळ ढकलता येईल अशी, तोंडाला उंच कड नसलेली. या दोन्ही गोष्टी एकाच प्रकारच्या गाडीत मिळतात, ती म्हणजे इस्टेट.

आता आपल्याकडे इस्टेट मिळते कुठे. टाटांनी १९९२ ला टाटा इस्टेट काढली, मग मारुतीची बलेनो अल्टुरा आली, २००४ ला इंडिगो मरिना आली, स्कोडाने ऑक्टाव्हिया कॉम्बी विकून बघितली, आणि सगळ्या बंद पडल्या, लोकांना ती ॲम्ब्युलन्ससारखी वाटायची. नंतर व्होल्वो व्ही९० क्रॉस कंट्री किंवा ऑडी आरएस६ अवांत आल्या त्या वेगळ्याच खिशाच्या गाड्या. म्हणजे मध्यमवर्गाला इस्टेट हवी तर जुनीच घ्यायची.

दादाचं दुसरंही कारण होतं आणि ते मी लपवणार नाही, त्याला गाडी चालवायला मनापासून आवडतं. तो शाळेत असताना, १९९४ ला ऑडी आणि पोर्शेने मिळून आरएस२ अवांत बनवली, ३१५ हॉर्सपॉवरची इस्टेट, आणि त्याच वर्षी ब्रिटिश टूरिंग कार रेसिंगमध्ये व्होल्वोने चक्क ८५० इस्टेट उतरवली. ते फोटो त्याने मासिकातून कापून कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेले. सामान भरलेली घरची गाडी जी घाटात सुद्धा चांगली पळते ही कल्पना त्याच्या डोक्यात तेव्हापासून आहे.

नोव्हेंबर २०२० मध्ये त्याला ती सापडली. जून २००७ ची नोंदणी, १.८ लिटर टर्बो पेट्रोल, २० व्हॉल्व्ह, १५० हॉर्सपॉवर, पाच गिअर मॅन्युअल, मीटरवर ९८ हजार. दोन लाख साठ हजारांना घेतली.

घेताना काय बघितलं, काय सुटलं

पहिल्यांदा गेलो तेव्हा बॉनेटला हात लावला तर गरम. मालक म्हणाले आत्ताच पेट्रोल भरून आणली. आमचे मिस्त्री, जे अंधेरीत स्वतःचं छोटं गॅरेज चालवतात, ते तिथल्या तिथे म्हणाले साहेब आज नाही बघायची, उद्या सकाळी सातला येतो, तोवर स्टार्ट करू नका. हे त्यांनी फार बरोबर केलं. दुसऱ्या दिवशी थंड इंजिन चालू केलं तर वरच्या बाजूने दोन-तीन सेकंद कडकड आवाज आला आणि मग थांबला. मिस्त्रींचं म्हणणं, दोन कॅमशाफ्टच्या (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यांच्या) मधली चेन ताणून धरणारा टेन्शनर तेलाच्या प्रेशरवर चालतो, तेल वर पोचायला वेळ लागतोय, एकतर तेल खराब आहे किंवा खाली काहीतरी साचलंय.

इथे आमचा पहिला निर्णयाचा क्षण होता आणि तो क्षण आहे हे आम्हाला कळलंच नाही. सर्व्हिसच्या पावत्या ७२ हजारांपर्यंतच्याच होत्या. पुढच्या २६ हजार किलोमीटरमध्ये कुठलं तेल पडलं, कधी बदललं, काही माहीत नाही. आवाज आणि हरवलेल्या पावत्या, दोन्ही एकाच जागेकडे बोट दाखवत होत्या. आम्ही आवाजाचे पंधरा हजार कमी करून घेतले, घरी आलो आणि आवाज विसरलो.

अडचण नेमकी काय होती

थोडं तांत्रिक सांगतो कारण त्याशिवाय पुढचं समजणार नाही.

टर्बो म्हणजे इंजिनाच्या धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा. त्याचा शाफ्ट मिनिटाला लाखाच्या वर फेरे मारतो आणि तो बेअरिंगवर टेकलेला नसतो, तेलाच्या पातळ थरावर तरंगत असतो. तेच तेल टर्बोच्या उष्णतेत भाजतं. तेल चांगल्या सिंथेटिक प्रतीचं नसेल किंवा उशिरा बदललं असेल तर त्याचा काळा चिकट गाळ होतो, तो खाली चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या तेलाच्या टाकीत, बसतो, आणि तेल ओढणाऱ्या पाइपच्या तोंडाला जी बारीक जाळी असते ती हळूहळू बुजते. इंजिन चालत राहतं. डिपस्टिकवर तेल पूर्ण दिसतं. फक्त वर कमी पोचतं.

आणि मुंबईत हे लवकर होतं. आपण सर्व्हिस किलोमीटरवर मोजतो. पार्ल्याहून बीकेसीला जाऊन येऊन ताशी सरासरी १५ चा वेग पडतो, म्हणजे ५ हजार किलोमीटर व्हायला इंजिन ३३३ तास चालतं. तेच ५ हजार हायवेला ७० च्या सरासरीने ७१ तासांत होतात. मीटरवर आकडा सारखा, पण तेलाचं आयुष्य जवळपास पाच पट वापरलं गेलेलं. ९८ हजार किलोमीटरची मुंबईची गाडी म्हणजे इंजिनाच्या दृष्टीने किती, हा हिशोब दादाने नंतर मांडला, घेताना कोणीच मांडला नाही.

पहिली फेरी : एक लाख अडतीस हजार

दादाने गाडी घेतानाच सव्वा लाख बाजूला ठेवले होते, जुनी परफॉर्मन्स गाडी घेणाऱ्याने ठेवायलाच हवेत असं त्याचं मत आणि ते बरोबरच होतं. प्रश्न ते कशावर खर्च केले याचा आहे. वहीतून जसंच्या तसं : टाइमिंग बेल्टचं काम २१ हजार, चार टायर ३० हजार, लोअर आर्म, बुश आणि चारही शॉकअप मिळून ४६ हजार, स्टिरिओ, स्पीकर आणि सीट कव्हर २८ हजार, इंजिन ऑइल आणि फिल्टर साडेसहा, बॅटरी साडेसहा.

टाइमिंग बेल्ट, म्हणजे व्हॉल्व्हची उघडझाप पिस्टनशी जुळवून ठेवणारा पट्टा, लगेच बदलला याचं मला आजही कौतुक वाटतं. या इंजिनात बेल्ट तुटला तर पिस्टन व्हॉल्व्हला धडकतात आणि हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, उतरवण्याशिवाय गत्यंतर नसतं, आणि जुन्या गाडीत आधीच्या मालकाने बदलला होता असं तोंडी सांगणं म्हणजे बदलला नव्हता असंच धरायचं. टायर आणि सस्पेन्शन पण गरजेचं होतं, काकूंच्या गुडघ्यांना प्रत्येक स्पीडब्रेकर कळायचा.

चुकलं ते दोन ठिकाणी. एक, वॉटर पंप. तो टाइमिंग बेल्टवरच फिरतो, बेल्टच्या मागे बसलेला असतो, त्याच्यापर्यंत पोचायला सगळं तेवढंच खोलावं लागतं. मिस्त्रींनी विचारलं होतं पंप पण टाकू का, चार हजारांचा आहे. दादाने हात फिरवून बघितला, गळत नव्हता, म्हणाला राहू दे. दुसरं, चेंबर. मिस्त्री म्हणाले होते एकदा चेंबर उतरवून जाळी साफ करून घेऊ, सात-साडेसात हजारांचं काम. त्याच आठवड्यात स्टिरिओवाल्याचं कोटेशन आलं होतं आणि बजेट संपत आलं होतं. मुलाला मागे बसून गाणी ऐकायची होती, लॉकडाऊनचं वर्ष, सगळे कंटाळलेले, मीसुद्धा म्हटलं स्टिरिओ घे, चेंबर पुढच्या सर्व्हिसला बघू. तेल बदलल्यावर सकाळची कडकड जवळजवळ बंद झाली होती म्हणून सगळ्यांना वाटलं की झालं काम.

पहिलं वर्ष मात्र सुंदर गेलं हे सांगायला हवं. व्हीलचेअर डिकीत आडवी, वर काकूंची कमोड चेअर, बाजूला गणपतीचं सामान आणि चौघंही एका गाडीत गावी गेले, पहिल्यांदा. डिकीचा तळ गुडघ्याच्या वर, दादाला चेअर उचलावी लागतच नाही, टेकवून सरकवायची. काकू म्हणाल्या ही गाडी मला उचलत नाही, मी हिच्यात बसते.

पहिला धक्का : वॉटर पंप

सप्टेंबर २०२१, बेल्ट टाकून नऊ महिने, खेरवाडीच्या सिग्नलला एसी चालू असताना टेम्परेचरचा काटा मधोमध असतो तो वर सरकायला लागला. दादाने लगेच एसी बंद केला, हीटर फुल केला, काचा उघडल्या आणि कडेला घेऊन इंजिन बंद केलं, त्यामुळे हेड वाचलं. पंपाचा आतला पंखा प्लास्टिकचा होता, तो शाफ्टवर सैल होऊन नुसताच गरगरत होता, कूलंट पुढे जातच नव्हतं. बाहेर एक थेंब गळत नव्हता, म्हणजे हात फिरवून बघण्याला काही अर्थच नव्हता. धातूच्या पंख्याचा पंप, थर्मोस्टॅट, कूलंट आणि परत तीच सगळी मजुरी, १७ हजार. चार हजार वाचवले होते.

यातून दादाने एक गोष्ट शिकली, जिथे हात घालाल तिथलं सगळं त्याच वेळी बदला. पण तोच नियम चेंबरला लावायचा हे डोक्यात आलं नाही, कारण चेंबरला अजून कोणी हातच घातला नव्हता.

मधलं वळण : १५ वर्षं पूर्ण, ठेवायची की काढायची

जून २०२२ ला नोंदणीची १५ वर्षं संपणार होती. अर्ध्या नातेवाइकांना वाटत होतं की गाडी आता भंगारातच जाणार. तो गोंधळ दिल्लीमुळे होता, १० वर्षांच्या डिझेल आणि १५ वर्षांच्या पेट्रोल गाड्यांची बंदी तेव्हा दिल्ली-एनसीआरची होती, मुंबईत पासिंग करून नोंदणी पाच वर्षं वाढवून मिळते. फक्त १ एप्रिल २०२२ पासून त्याची फी ६०० रुपयांवरून थेट ५ हजार झाली होती, वर पर्यावरण कर वेगळा.

पर्याय तीन होते. विकायची तर कोणी लाखाच्या वर द्यायला तयार नव्हतं. भंगारात द्यायची तर त्याहून कमी. ठेवायची तर आरटीओ, पीयूसी, बारीकसारीक कामं धरून १२ हजार. दादाने वहिनींना बसवून हिशोब दाखवला, वहिनींनी एकच विचारलं की दुसऱ्या कुठल्या गाडीत आई मदतीशिवाय बसतील ते सांगा. तिथे विषय संपला. अंधेरी आरटीओला दोन चकरा झाल्या, चॅसिस नंबरवर रंग उडवलेला होता तो खरवडून पेन्सिलने छाप काढून दिला, आणि गाडी जून २०२७ पर्यंत पक्की झाली. इन्शुरन्स मात्र तेव्हापासून फक्त थर्ड पार्टी, कारण गाडीची जी किंमत पॉलिसीत धरत होते ती बघता फुल घेण्यात राम नव्हता.

याच सुमारास एकाने रीमॅप सुचवला. सॉफ्टवेअर बदलून १५० चे १८०-१९० हॉर्सपॉवर होतात या इंजिनात, खोटं नाही. दादाला मोह झाला होता, दोन रात्री तो त्याच व्हिडिओत होता. मिस्त्री म्हणाले साहेब आधी मला आतून इंजिन बघू द्या मग पॉवर वाढवा. म्हणून रीमॅप टळला. पण आतून बघायचं परत राहिलं! हे लिहिताना अजूनही वाईट वाटतं, त्या दिवशी आम्ही अगदी दारापर्यंत पोचलो होतो.

लाल दिवा

जुलै २०२३. पुण्याला लग्न, गाडीत दादा, वहिनी, काकू, मुलगा आणि पुढच्या सीटवर मी. डिकी भरलेली. एक्स्प्रेसवेला खोपोली सोडून घाट चढत होतो, पाऊस इतका की वायपर फुल स्पीडला, उजवीकडे बस, डावीकडे ट्रकांची रांग. खंडाळ्याचा बोगदा पार केला आणि तीन बीप वाजले, मीटरवर तेलाच्या किटलीचं चित्र लाल, खाली स्टॉप.

पिवळी किटली म्हणजे तेल कमी आहे, बघून घ्या. लाल किटली म्हणजे तेलाचं प्रेशर नाही, आत्ता या क्षणी इंजिन बंद करा. हा फरक दादाला माहीत होता. मलाही माहीत होता.

पर्याय काय होते ते शांतपणे आज लिहिता येतं. एक, हझार्ड लाइट लावून इंजिन बंद करायचं आणि गाडी आहे त्या वेगात डावीकडे सोडून द्यायची, थांबेल तिथे. पण मध्ये ट्रकांची रांग, पाऊस, मागून येणाऱ्याला दिसणं कठीण, आणि मागच्या सीटवर एक बाई जी स्वतः उतरून बॅरिअरच्या पलीकडे जाऊ शकत नाही. दोन, हळू चालवत लोणावळ्याच्या एक्झिटपर्यंत जायचं, साधारण तीन किलोमीटर. दादाने माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, जाऊ दे दादा, लोणावळ्याला उतरू. हे वाक्य माझं आहे, म्हणून इथे लिहितोय.

त्याने चौथ्या गिअरला अगदी कमी ॲक्सिलरेटर देत गाडी नेली. दुसऱ्या किलोमीटरला पुढून शिट्टीसारखा बारीक आवाज सुरू झाला. एक्झिटला कडेला लावून बंद केली तेव्हा मागे निळा धूर होता.

माणसांच्या बाबतीत तो निर्णय बरोबर होता का? मी यावर खूप विचार केलाय आणि माझं उत्तर आहे की इंजिन गेलं तरी चालेल पण काकूंना त्या पावसात त्या लेनमध्ये अडकवायचं नाही, ही दादाची भूमिका योग्यच होती. फक्त एक गोष्ट वेगळी करता आली असती. बोगद्याच्या पुढे काही अंतरावर रस्ता रुंद होऊन कडेला जागा होती, आम्ही ती ओलांडून गेलो कारण डोक्यात लोणावळा ठरलं होतं. अर्ध्या किलोमीटरवर थांबलो असतो तर टर्बो वाचण्याची बरीच शक्यता होती असं मिस्त्रींचं म्हणणं, शिट्टी त्यानंतरच सुरू झाली.

काकू आणि वहिनी टॅक्सीने पुढे लग्नाला गेल्या. दादा आणि मी फ्लॅटबेडवर गाडी चढवून परत आलो. दोर बांधून ओढायला साडेतीन हजारांत एक जण तयार होता, दादाने साडेनऊ हजार देऊन फ्लॅटबेड केला, घाटात इंजिन बंद असलेली गाडी दोराने आणायची म्हणजे ब्रेक बूस्टर नाही, स्टिअरिंग जड. त्यात काटकसर केली नाही ते फार बरं झालं.

चेंबर उघडल्यावर

मिस्त्रींनी चेंबर उतरवला आणि आम्हाला बोलवून दाखवला. तळाला बोटभर गाळ, काजळासारखा. जाळीचा निम्म्याहून जास्त भाग बंद. घाट चढताना इंजिन गरम, तेल पातळ, पंप जास्त ओढतोय आणि जाळीतून येतंय थोडंच, म्हणून शहरात कधीच न पेटलेला दिवा घाटात पेटला. मेन बेअरिंगचं एक कॅप उघडून बघितलं, बेअरिंगवर रेघा होत्या पण खाली तांबं दिसत नव्हतं. मिस्त्री म्हणाले बेड (खालचं इंजिन) वाचला, देवाला नारळ फोडा. टर्बोचा शाफ्ट मात्र हाताने हलवला तर सगळ्या बाजूंना हलत होता.

टर्बोसाठी तीन रस्ते होते. नवा मागवायचा तर ९० हजारांच्या पुढे आणि वाट बघायची. कुर्ल्याच्या सीएसटी रोडला एका भंगारातल्या गाडीचा जुना टर्बो १८ हजारांना मिळत होता, आम्ही जाऊन बघून आलो, शाफ्ट ठीक वाटत होता पण तोही कुठल्या तेलावर चालला होता ते कोणाला माहीत. तिसरा, आपल्याच टर्बोचं घर ठेवून आतलं कार्ट्रिज, म्हणजे शाफ्ट आणि बेअरिंगचा गट, नवीन टाकून बॅलन्स करून घ्यायचं, ३८ हजार. दादाने तिसरा घेतला. कारण त्याने स्वतःच सांगितलं, इतिहास माहीत नसलेला पार्ट मी एकदा पूर्ण गाडीच्या रूपात घेतलाय, परत नको.

आणि इथे मिस्त्रींनी एक आग्रह धरला जो महत्त्वाचा आहे. टर्बोला तेल देणारी लोखंडी नळी नवीनच हवी. जुन्या नळीत आतून जळालेल्या तेलाचा थर असतो, तो सुटून नव्या कार्ट्रिजमध्ये गेला की तोही जातो, आणि मग लोक म्हणतात रिपेअर केलेला टर्बो टिकत नाही. नळी, गास्केट, कूलंट, ब्रीदरचे कडक झालेले रबरी पाइप, मजुरी मिळून साडेसव्वीस. चेंबर, जाळी, नवीन ऑइल पंप, दोन वेळा फ्लशिंग २४ हजार. टोइंग धरून एकूण ९८ हजार.

वहीच्या त्या पानावर दादाने वर लाल पेनने लिहिलंय : चेंबर ७,५००, स्टिरिओ २८,०००, डिसेंबर २०२०.

त्यानंतर

मोठं काही झालं नाही, छोटी दोन सांगतो कारण ती इस्टेट ठेवणाऱ्याला आणि मुंबईत राहणाऱ्याला उपयोगी आहेत.

२०२४ च्या पावसाळ्यात डिकीत कुबट वास यायला लागला. स्टेपनीच्या खड्ड्यात चार बोटं पाणी. आधी वाटलं डिकीचं रबर गेलं. खरं कारण, मागच्या काचेवर पाणी मारणारी नळी छतातून बिजागरीच्या रबरी बाहीमधून डिकीच्या दारात जाते, दार रोज उघडून-मिटून ती तिथे चिरली होती. वॉशर दाबला की अर्धं पाणी छताच्या अस्तरात. नळी बदलली, खड्ड्यातला गंज खरवडून रंगवला, साडेतीन हजार. इस्टेटचं मागचं दार एवढं जड आणि एवढ्या वेळा उघडलं जातं की वायरिंग आणि नळी दोन्ही तिथेच तुटतात, घेताना ती बाही सोलून बघायला हवी.

२०२५ मध्ये पंपावर सगळीकडे ई२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल, आलं. या इंजिनाला ९५ ऑक्टेन लागतं, आपल्याकडे साधं पेट्रोल कित्येक वर्षं ९१ होतं, तेव्हा इंजिन स्वतःच ठिणगीचं टायमिंग मागे घेऊन चालायचं. ई२० चं ऑक्टेन ९५ असल्याने त्या बाजूने उलट बरं, पण २००७ च्या रबरी पाइपांचं काय हा प्रश्न होता. एका सकाळी पेट्रोलचा वास आला आणि दादाने थांबून न बघता इंजिनजवळच्या सगळ्या फ्युएल पाइप इथेनॉल चालणाऱ्या रबराच्या करून घेतल्या, ७ हजार. शहरातलं मायलेज त्याच्या वहीप्रमाणे ९.२ चं ८.५ झालं. १०० ऑक्टेनचं, इथेनॉल नसलेलं पेट्रोल साधारण दीडपट भावाने मिळतं, ते तो फक्त गाडी आठवड्याहून जास्त उभी ठेवायची असेल तेव्हा भरतो.

आणि तेल. आता तो किलोमीटर बघतच नाही, दर सहा महिन्यांनी पूर्ण सिंथेटिक, बाटलीवर कंपनीचा मंजुरी नंबर छापलेला असेल तेच. घाट चढून आलं की थांबल्यावर लगेच इंजिन बंद करत नाही, मिनिटभर चालू ठेवतो. रोज सकाळी स्टार्ट करताना काच खाली करून ऐकतो. आवाज नाही.

निकाल

खरेदी सोडून पाच वर्षांत २ लाख ७५ हजार ५०० रुपये, म्हणजे गाडीच्या किमतीपेक्षा जास्त, आणि यात पेट्रोल, इन्शुरन्स, नेहमीचं तेल धरलेलं नाही. त्यातले लाखाच्या वर टाळता आले असते असं वही सांगते. मीटर आता १ लाख ४१ हजार. काकू आठवड्यातून दोनदा फिजिओला जातात, स्वतः दार उघडून बसतात.

वेगळं काय करता आलं असतं

गाडी वेगळी घ्यायला हवी होती का, तर माझ्या मते नाही. जुनी परफॉर्मन्स गाडी घरात एकुलती एक ठेवणं धोक्याचं असं म्हणतात आणि २०२३ ला जवळपास दीड महिना गाडी गॅरेजमध्ये होती तेव्हा काकूंचे हाल झाले हे खरंय, दवाखान्यासाठी दर वेळी व्हीलचेअर घेणारी टॅक्सी शोधायला लागायची. पण त्यांना बसता येईल अशी नवी गाडी त्या पैशात तेव्हाही नव्हती आणि आजही नाही.

क्रम मात्र वेगळा हवा होता. पहिल्या दिवशी चेंबर उघडून जाळी, मग टाइमिंग बेल्ट पंपासकट, मग कूलंटच्या सगळ्या नळ्या, मग टायर आणि ब्रेक, आणि त्यानंतर पैसे उरले तर सस्पेन्शन टप्प्याटप्प्याने, पुढचं या वर्षी, मागचं पुढच्या वर्षी. स्टिरिओ दिवाळीला. काकूंच्या गुडघ्यांसाठी सस्पेन्शन आधी हवं होतं असं वहिनींचं म्हणणं आहे आणि त्यावर दादाचं आणि त्यांचं अजून एकमत नाही. माझ्या मते वहिनी बरोबर आहेत, सस्पेन्शन पुढे-मागे झालं असतं तरी चाललं असतं, आड आला तो स्टिरिओ.

दुसरं, खरेदीच्या वेळी आवाजाचे पंधरा हजार कमी झाले तेव्हा ते पंधरा हजार त्या आवाजावरच खर्च व्हायला हवे होते. ते आम्ही बचत म्हणून खिशात टाकले.

तिसरं, लाल दिव्यासाठी आधीच ठरवून ठेवायला हवं होतं. आता ते ठरलंय. प्रवासाला निघताना दादा मुलाला सांगतो, तो आता चौदाचा आहे, की लाल काही पेटलं तर मी पहिल्या रुंद जागेला थांबणार, तू हझार्ड आणि त्रिकोण, वहिनी फोन, आणि आजी आतच राहणार बेल्ट लावून, मोकळ्या जागेत गाडी असल्यावर. मागच्या गणपतीला परशुराम घाटाच्या आधी त्यांनी त्याची एकदा प्रॅक्टिसही केली.

पुढचा निर्णय जून २०२७ चा आहे, गाडीला २० वर्षं होतील, ऑगस्ट २०२५ च्या नियमाप्रमाणे तेव्हा नोंदणी वाढवायची फी १० हजार. हाय सिक्युरिटी नंबर प्लेट लावून झालीये. दादाने मिस्त्रींना सांगून ठेवलंय की त्याच्या सहा महिने आधी कॉम्प्रेशन टेस्ट करायची, म्हणजे सिलिंडर किती दाब धरतात ते बघायचं, चारही सिलिंडरचे आकडे वहीत लिहायचे आणि मग बसून ठरवायचं. येत्या रविवारी तेल बदलायचंय आणि या वेळी चेंबर परत उतरवून जाळी बघणार आहेत, दोन वर्षांत किती गाळ धरला ते कळेल. काकूंनी कालच फोन करून मिस्त्रींना विचारलं की गाडी संध्याकाळपर्यंत मिळेल ना, सोमवारी सकाळी फिजिओ आहे.